बाबांना न झालेला आजार

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात झालं. मुलगा फिलिपिनो, तिच्याच लॅबमध्ये पीएचडी करणारा. आमचे आईबाबा नागपूरला होते. बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "आम्ही येणार नाही," आणि फोन आईच्या हातात दिला. आई रडली, पण तीही आली नाही.

मुलाकडचे मात्र सगळे आले. आई आणि आजी मनिलाहून, दोन मावश्या आपापली कुटुंबं घेऊन न्यू जर्सीहून, मामा तर कॅलिफोर्नियाहून बायकोमुलांना व्हॅनमध्ये घालून. माझे यजमान युनिव्हर्सिटीत शिकवत, त्यामुळे आमचं घर जरा मोठं होतं. अर्धी माणसं आमच्याकडेच उतरली आणि कार्पेटवर ओळीनं झोपली. मोठ्या बहिणीला ते 'आते' म्हणतात. मुलं मला आते म्हणू लागली तेव्हा मला वाटलं, यांना आत्या हा शब्द कुणी शिकवला?

मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्या मावश्यांनी एक विजेची शेगडी विकत आणली आणि मांस-मासळीचा स्वयंपाक गॅरेजमध्ये सुरू केला. मी काही म्हटलंही नव्हतं. त्या तिथे उभ्या राहून तळत होत्या आणि मी आत माझ्या स्वच्छ ओट्यापाशी अवघडून उभी होते.

पहिल्याच संध्याकाळी मुलाच्या आईनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुझ्या वडिलांचं हृदय आता कसं आहे?"

मला काही कळेना. मी बहिणीकडे पाहिलं, तर ती ताटात बघत होती. मी गुळमुळीत काहीतरी बोलले आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"काय सांगितलंयस तू यांना?"

"बाबांना हार्ट अटॅक आलाय, म्हणून ते ट्रॅव्हल करू शकत नाहीत."

"अगं, पण..."

"मग काय सांगू, ताई? माझ्या वडिलांना तुमचं तोंडही बघायचं नाही, असं सांगू?"

मी पाण्याचा जग उचलला आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी आमच्या टीव्हीवर मेरीची छोटी मूर्ती मांडली, मेणबत्ती लावली आणि सगळे गुडघे टेकून बसले. आजीचे गुडघे धड नव्हते. दोघींनी धरून तिला खाली बसवलं. मी आणि माझे यजमान मागे भिंतीला टेकून होतो. त्यांच्या भाषेतलं मला काही समजत नव्हतं, पण मध्येच बाबांचं नाव आलं, उच्चार जरा वेडावाकडा. मग पुन्हा आलं. ती सगळी प्रार्थना बाबांसाठी होती. बाबा त्या वेळी नागपूरला सकाळचा फेरफटका मारत असतील, घरी येऊन चहा घेतील, पेपर वाचतील. माझे यजमान उठून बाहेर गेले. मला उठताही येईना.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मुलाची आई म्हणाली, "मला त्यांच्याशी बोलायचंय. निदान आवाज तरी ऐकू दे."

"ते झोपले असतील," मी म्हटलं.

"तिकडे आता सकाळ झाली असेल," एक मावशी म्हणाली. ती नर्स होती. "आणि दोन मिनिटं बोलल्यानं पेशंटला बरंच वाटतं."

फोन बाबांनीच उचलला. सगळं घर माझ्याभोवती उभं होतं. मी घाईघाईनं मराठीत सांगितलं, "बाबा, मुलाच्या आईला तुमच्याशी बोलायचंय. तुम्हाला हार्ट अटॅक आला होता, म्हणून तुम्ही आला नाहीत, असं त्यांना सांगितलंय. सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करताहेत."

पलीकडे नुसती खरखर. लाइन तुटली असं मला वाटलं.

"दे त्यांना," बाबा म्हणाले.

मी रिसीव्हरला कान लावून उभी राहिले. तिनं तब्येत विचारली. बाबा त्यांच्या ऑफिसच्या इंग्रजीत म्हणाले, "आता पुष्कळ बरा आहे. आपला आभारी आहे." ती म्हणाली, "काळजी करू नका, तुमची मुलगी आता आमची आहे." यावर बाबा काही बोलले नाहीत. त्यांना दम लागला असेल असं समजून तिनं लगेच फोन माझ्याकडे दिला.

"किती माणसं आलीत त्यांची?" बाबांनी विचारलं.

"तीसेक."

"आणि आपली?"

"मी आणि हे."

"बरं. ठेवतो," म्हणाले आणि ठेवलाच.

घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रार्थना ऐकली गेली म्हणून आजीनं छातीवर क्रूसाची खूण केली, मला जवळ ओढलं आणि माझे गाल ओले केले. बहीण बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

चर्चमध्ये उजवीकडे मुलाची माणसं, डावीकडे आमची. गणपतीला दरवर्षी आमच्याकडे जेवणारी दोन मराठी कुटुंबं यायची होती. एकांनी मुलांचं स्विमिंग आहे म्हणून कॅन्सल केलं, दुसऱ्यांनी कळवलंही नाही. माझे यजमान बाबांच्या जागी बहिणीला आत घेऊन यायला दाराशी थांबले होते. त्यामुळे डावीकडच्या सगळ्या बाकांवर मिळून मी एकटी, माझ्या लग्नातल्या शालूत. मागे वळून बघायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात कपड्यांची सळसळ ऐकू आली. त्या दोन्ही मावश्या, मामी आणि सगळी पोरं उठून अलीकडे येऊन बसली. मामी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आते, तिकडे ऊन फार येतंय."

बाहेर सकाळपासून आभाळ होतं. मी "हो" म्हटलं.

नंतर फोटोग्राफरनं वधूकडच्यांना बोलावलं तेव्हा तीच माणसं माझ्याबरोबर उभी राहिली. बहिणीनं तो फोटो नागपूरला पाठवला. आईनं पुढे फोनवर सांगितलं, बाबांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे आपल्या बाजूला कोण उभे आहेत?" आईला सांगता आलं नाही. मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, तिकडचेच आहेत, आणि विषय बदलला.