पुढच्या बसची वाट पाहणारी
नव्वदच्या दशकात मी बंगळुरात नोकरीला होते. बनशंकरीच्या बसथांब्यावर रोज हायस्कूलच्या गणवेशातली एक मुलगी दिसायची. शाळेकडे जाणारी बस आली की ती खांबाआड सरकायची आणि बस गेल्यावर दमल्यासारखी बाकावर बसायची. माझ्या हातातलं मराठी मासिक बघून एकदा ती मराठीत बोलली, निपाणीकडची होती.

"बस का सोडतेस गं?" मी विचारलं.

"त्यात वर्गातल्या पोरी असतात, अक्का. माझ्या कन्नडची नक्कल करून हसतात. उशिरा गेलं की नुसत्या टीचर ओरडतात."

तेवढ्यात माझी बस आली. ऑफिसात माझ्याही मोडक्या कन्नडला हसणारे होतेच. मी चढलेच नाही.

"तुम्हाला कोण ओरडणार?"

"साहेब."

ती हसली आणि दप्तर मांडीवर घेऊन तिनं मला जागा करून दिली.