राजा, मेला लांडगा

चारठाण्याचा उमाजी धनगर सरळ बोलायचाच नाही. चंद्राला तो चुकार मेंढी म्हणायचा, ढगांना पिंजलेली लोकर. कासाबाईनं, त्याच्या बायकोनं, भाकर करपवली की म्हणायचा, "आज तव्यावर अमावस्या निघाली की गं."

"खा मुकाट्यानं. न्हाई तर उद्या ताटाला ग्रहन लागंल."

त्याच्या लाडक्या मेंढ्याचं नाव राजा. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात कळपावर येणारा लांडगा गावानं मारला. त्या आनंदात उमाजी मेंढ्याच्या गळ्यात हात टाकून भर बाजारात गायला, "राजा, मेला लांडगा, हिंड आता मोकळा."

कुणीतरी ती ओळ मोडीत उतरवून निजामाच्या पोलीस ठाण्यावर पोचवली. मोडीत स्वल्पविराम नसतो. पेशकारानं, तिथल्या कारकुनानं, सलग वाचलं, राजा मेला लांडगा. म्हणजे निजाम बादशहाला लांडगा म्हटलं, वर 'मेला' ही शिवी. शिपायांनी उमाजीला उचललं.

भुजंग त्याचा मित्र, हैदराबादेत साहित्य शिकून नुकताच परतलेला. कासाबाई त्याच्या दारात आली. "भाऊ, तुमी शिकलेले. सोडवा."

तो तिला घेऊन ठाण्यावर अमीनाकडं, फौजदाराकडं, गेला; ती बाहेर बसली. कागदावर 'राजा'पुढं त्यानं स्वल्पविराम दिला. "अमीनसाहेब, ही मेंढ्याला हाक आहे. इथं रूपक नाही. राजा म्हणजे मेंढा, लांडगा म्हणजे लांडगा."

अमीन हसला. त्यानं गावात चौकशी केली होती. "चांद को मेंढी बोलता, बादलां को लोकर बोलता. और लांडगे को सिर्फ लांडगा?"

त्यानं स्वल्पविरामावर बोट ठेवलं.

"और ये निशानी तो तुम अब्बी लगाए."

"त्याच्या गाण्यात आहे ती. त्यालाच म्हणायला सांगा. तो 'राजा' म्हणून थांबतो."

"वहाँ रुका, तो छोड़ देता मैं."

उमाजीला आणलं. त्याचा एक हात बरगड्यांवर होता. भुजंगला बघून तो हसला. ओठ फुटलेले होते. भिंतीला टेकून त्यानं सूर धरला.

"राजा मेला..."

तिथं कळ आली. तो थांबला. दम घेतला.

"लांडगा."

मग पेशकार म्हणाला, "आता तर बादशहाला मारूनच टाकलं यानं." त्यानं तसंच उर्दूत लिहून घेतलं. अमीननं उमाजीला परभणीच्या तुरुंगात पाठवायचा हुकूम दिला.

शिपायांनी दंड धरले तेव्हा उमाजी वळला. "बराबर म्हनलो नं, भुजंगा?"

"बराबर," भुजंग म्हणाला.

बाहेर कासाबाई पदर सावरत उठली.

"सोडायलेत का?"