पैऱ्याचा बैल

बी.एस्सी., बी.एड. करून मी उचगावच्या घरात म्हशींच्या धारा काढत होते. विज्ञान शिक्षिकेच्या तीन मुलाखतींतून हात हलवत परत आले, तेव्हा सासऱ्यांनी सरळ सांगितलं की ही चौथी शेवटची, पुढं शाळांचे उंबरे झिजवायचे नाहीत. त्यात वाईटपणा नव्हता. दर वेळी माझं रडणं ऐकून तेच कंटाळले होते. पण मी मनोमन ठरवून टाकलं की ही नोकरी आपण घेऊनच यायची.

चौथ्या मुलाखतीत नववीच्या वर्गावर पाठ घ्यायचा होता. विषय दिला, आयनिक आणि सहसंयुज बंध. मागच्या बाकावर मुख्याध्यापक आणि त्यांच्याशेजारी विषयतज्ज्ञ म्हणून आलेले एक निवृत्त प्राध्यापक बसले. प्राध्यापकांचा चेहरा असा, की जन्मात कुणाला पास केलं नसावं.

आयनिक बंध मजेत पार पडला. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तो देऊन टाकला की सोडियम सुटला. क्लोरीनला एकच कमी, तो घेतला की क्लोरीन मोकळा. देणारा धन होतो, घेणारा ऋण, आणि मग दोघं एकमेकांना ओढून धरतात. झालं मीठ. मिठाच्या पाण्यात बॅटरीच्या तारा बुडवल्या, इवलासा दिवा लागला. साखरेच्या पाण्यात बुडवल्या, तर तो ढिम्म. का, तर साखरेतले अणू कुणाला काही देऊन टाकत नाहीत, ते इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात.

भागीदारी म्हटलं आणि वर्ग मख्ख झाला. दोन हायड्रोजन फळ्यावर काढले, दोघांचा एकेक इलेक्ट्रॉन मधोमध मांडला. एक मुलगा जांभई देत होता. प्राध्यापकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. गेली चौथीही, असं वाटलं.

तेवढ्यात मला सकाळ आठवली. आमच्या दारात एकच बैल, शेजाऱ्यांकडेही एकच. नांगराला जोडी लागते, म्हणून सासरे आपला बैल घेऊन पैऱ्याला, म्हणजे दोघांचे बैल जोडून आळीपाळीनं रानं नांगरायला, गेले होते. मी पोरांना विचारलं, पैरा कुणाच्या घरी चालतो? निम्म्या वर्गानं हात वर केले. मग मी फळ्यावरच्या इलेक्ट्रॉनांना शिंगं काढली. एक बैल याचा, एक त्याचा, एकट्यानं कुणाचाच नांगर चालत नाही, पण जोडी झाली की ती दोघांचीही. जांभईवाला पोरगा ताठ बसला.

तोच मागून एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, सांजच्याला ज्येचा बैल त्येच्या घरला जातोय की. मग बंध तुटला न्हवं?"

प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं. आता ही पडते, असं ते बघत होते. मला मात्र का कोण जाणे, त्या पोरीची पाठ थोपटावीशी वाटली.

"तुटला की," मी म्हणाले. "पण अणूंच्या रानात सांज होत न्हाय. बैल न्यायचा तर ओढून न्यावा लागतो, लई ताकद लावून. ती ताकद म्हणजेच ऊर्जा. ती दिल्याबिगर बंध सुटत न्हाय."

मुलाखतीत गावच्या बोलीत बोलले, हे ध्यानात आलं तेव्हा वर्ग टाळ्या वाजवत होता. टाळ्यांत प्राध्यापकही होते. नंतर ते एवढंच म्हणाले की, मी जन्मभर हे शिकवलं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नाही.

शाळेचा फोन आला तेव्हा सासरे गोठ्यात होते. मी धावत जाऊन सगळं सांगितलं, पैऱ्यासकट. ते तडक उठले. घरात जाऊन निवडणुकीतला उरलेला गुलाल घेऊन आले. मी पदर सावरून पुढं झाले, तर ते मला ओलांडून बैलाकडं गेले आणि त्याचं कपाळ माखून काढलं.

"नोकरी ह्येनं लावली," ते म्हणाले. मग उरलेली मूठ त्यांनी माझ्या डोक्यावर रिकामी केली.