ओढ्यापलीकडचं वळण

दुपारी डोळा लागता लागता अजूनही मला ती गाडी दिसते. काळी, गोल पाठीची, सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात अंग चोरून उभी. टपावर कडुनिंबाची वाळकी पानं, आणि मागच्या सीटला शेंगांच्या पोत्यांचा न जाणारा वास. अप्पांचं, माझ्या वडिलांचं, भुसार मालाचं दुकान होतं. त्यांनी गाडी घेतली तेव्हाच ती म्हातारी झालेली होती, आमच्याकडे येऊन पोती वाहायला शिकली एवढंच. स्वप्नात मात्र ती कधी खडखडत नाही. पाण्यावरून चालल्यासारखी येते आणि जाते.

अप्पा घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ते एकोणीसशे सत्तरच्या नंतरचं कुठलंसं वर्ष होतं. त्यानंतर काठी घेऊन ओसरीपासून दुकानाच्या गादीपर्यंत, एवढंच त्यांचं चालणं राहिलं. मला भाऊ नाही, म्हणून गाडी माझ्या हाती आली. साडी नेसलेली मुलगी मोटार चालवते, ही आमच्या पेठेला फुकटातली करमणूक झाली. बायका दारात उभ्या राहायच्या, आणि शेजारचे एक गृहस्थ मी गाडी काढली की आपली सायकल उचलून थेट घरात नेऊन ठेवायचे. मी त्यांना मुद्दाम हॉर्न वाजवून नमस्कार करायची.

आमचं शेत दुधनीच्या अंगाला होतं. अप्पा वर्षभर त्याचं नाव काढत नसत, पण वेळ अमावस्या, आमची येळवस, जवळ आली की त्यांचं चित्त दुकानातून उडायचं. त्या दिवशी आमच्याकडची सगळी माणसं रानात जातात. उभ्या जोंधळ्यात कडब्याची खोप करतात, चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, त्यांना पांडव म्हणतात. पूजा झाली की मालकानं अंबिलीचं मडकं घेऊन शेताला फेरी घालायची आणि आरोळी देत देत लिंबाच्या डहाळ्यानं पिकावर अंबील शिंपडायची. दुसरा माणूस मागून आरोळीला साद देतो. मग सगळ्यांनी पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं, आणि रानात जो कुणी पाऊल टाकेल त्याला उपाशी सोडायचं नाही. माझ्या लहानपणीचे ते दिवस मला आवाज नसलेले आठवतात. हिरव्या पात्यांतून गाळून आलेलं ऊन, आणि त्यात पाठमोरे चाललेले अप्पा.

हाड मोडल्यानंतरच्या पहिल्या वेळ अमावस्येला आम्ही गाडीनं निघालो. सडक संपून काळ्या रानातली गाडीवाट लागली, तिथवर सगळं छान झालं. पुढे ओढा होता. पाणी नावापुरतं, पण काठाची चिकण माती हिवाळ्यातही ओली. गाडी मध्यावर आली आणि थांबली. मी गॅस देत होते, तर एक मागचं चाक चिखलात गरगर फिरायचं आणि दुसरं, कोरड्या बाजूचं, आपला काही संबंध नसल्यासारखं गप्प उभं.

बैलगाडीचे धक्के अप्पांच्या हाडाला सोसणारे नव्हते. आसपासची माणसं धावत आली. खुर्चीत बसवून खांद्यावरून नेतो म्हणाली. अप्पा भडकलेच. आमच्यात माणूस मेल्यावर त्याला बसवून नेतात, खांद्यावरून, वाजतगाजत.

"बसवून न्यायचं ते एकदाच," ते म्हणाले, "आणि त्याला अजून येळ हाय."

ते गाडीतच बसून राहिले. अव्वा, म्हणजे माझी आई, टोपली डोक्यावर घेऊन शेतात गेली आणि कशीबशी पूजा उरकून आली. अप्पांनी घास घेतला नाही. माणसांनी गाडी मागं ढकलून ओढ्याबाहेर काढली. परतीच्या वाटेवर अप्पा एकदाच बोलले.

"येळवशीला मालक आला न्हाय तर रानाला वाटतंय, मालक मेला."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी उठून मिस्त्रींकडे गेले. चौकापलीकडे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. माणूस अतिशय बोलघेवडा, आणि आपल्याला येत नाही असं जगात काही आहे हे त्यांना मान्य नव्हतं. मी विचारलं, एक चाक फिरतं आणि एक झोपा काढतं, असं का? ते म्हणाले, हे डिफरन्शियलचं काम. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी पोटात दातेरी चाकांचा तो जुडगा असतो. वरातीत वळणावर बाहेरच्या अंगाच्या माणसाला जास्त पावलं टाकावी लागतात, तसं गाडीच्या बाहेरच्या चाकाला वळताना जास्त फिरावं लागतं. तेवढी मुभा हा जुडगा देतो. पण चिखलात तीच मुभा आपल्यावर उलटते. जे चाक घसरतं, तेच फिरत राहतं.

चिखलासाठी परदेशात याचे खास प्रकार मिळतात म्हणे. सोलापुरात ते मिळणं शक्य नव्हतं आणि मिळाले असते तरी आम्हाला परवडणं शक्य नव्हतं. मिस्त्रींनी आमच्या ऐपतीतला उपाय काढला. भंगारवाल्याकडून तसलाच एक जुना डिफरन्शियल आणायचा आणि आतली छोटी चाकं वेल्डिंग मारून एकमेकांना पक्की जोडून टाकायची. मग दोन्ही चाकं एकदमच फिरणार. आमचा मूळचा काढून तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवायचा.

"मोड पे जरा नखरा करेगी," मिस्त्री म्हणाले. "बाकी कीचड में तो शेरनी है, शेरनी!"

वेल्डिंगच्या निळ्या उजेडाकडे बघू नको असं सांगूनही मी बोटांच्या फटीतून पाहत राहिले. त्या उजेडात पत्र्याची भिंत, मिस्त्रींचा हात, लोंबणाऱ्या साखळ्या, सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. अप्पा शेतात उभे आहेत असं मी त्या निळ्या उजेडात किती वेळा पाहिलं असेल.

गाडी घरी आणताना नखरा म्हणजे काय ते कळलं. प्रत्येक कोपऱ्यावर आतलं टायर रस्त्यावर घासून किंचाळायचं आणि स्टीअरिंग ओढता ओढता माझे खांदे भरून यायचे. शेजारचे ते गृहस्थ आता सायकलीबरोबर मुलांनाही आत घेऊ लागले. अप्पा ओसरीवरून म्हणाले, "वराडतीया का गं येवडी?" मी म्हटलं, "ओढ्यात गप्प बसेल." आम्हा दोघांना हसू आवरेना. हाड मोडल्यापासून ते असे हसले नव्हते.

पुढच्या वर्षीची वेळ अमावस्या धुक्याची होती. ओढ्यापाशी आलो तेव्हा पलीकडचा काठही धड दिसत नव्हता. अव्वा मागे अंबिलीचं मडकं मांडीवर धरून बसली होती. अप्पा माझ्या शेजारी, काठी गुडघ्यांत. मी गाडी ओढ्यात घातली. गाडी खाली बसली, थरथरली, आणि मग दोन्ही चाकांनी एकदम माती धरली. काय सांगू, तो क्षण मला आजही अंगात जाणवतो. कुणीतरी मागून दोन्ही हातांनी सावकाश उचलावं तसे आम्ही वर आलो. अप्पा ओरडले, "आली की गं! आली!"

आणि इथंच आमचं चुकलं होतं. वर्षभर आम्ही ओढ्याचाच ध्यास घेतला होता. ओढा चढल्याबरोबर वाट डावीकडे कचकन वळते, ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. डावीकडे आमचं शेत. नाकासमोर दोड्डप्पांचं, म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाचं. वाटणीत विहीर त्यांच्याकडे गेली, तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं. मी शाळेत असल्यापासूनची ती गोष्ट. लग्नाकार्यातही दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसायचे.

मी स्टीअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. पुढची चाकं वळली, पण ओल्या मातीवरून नुसती घसरत राहिली, आणि मागची दोन्ही चाकं इमानेइतबारे गाडीला सरळ ढकलत राहिली. ब्रेक दाबला तरी गाडी घसरतच राहिली. आम्ही बांध ओलांडून जोंधळ्यात शिरलो. माणसाहून उंच ताटं दोन्ही बाजूंनी काचांवर आपटत होती, नुकती निसवलेली कणसं दव शिंपडत होती, आणि मागून अव्वा थांबव म्हणून कानडीत किंचाळत होती, "निल्सु! निल्सु!" आत हिरवा अंधार झाला होता. मला भीती वाटायला हवी होती, पण लहानपणी ज्या हिरव्या उजेडातून चालले होते त्यातूनच चालले आहे असं वाटत होतं.

गाडी थांबली ती दोड्डप्पांच्या खोपीसमोर. पूजा नुकतीच झाली होती. दोड्डप्पा हातात मडकं घेऊन उभे. गाडीमागची मोडलेल्या जोंधळ्याची वाट त्यांनी न्याहाळली, मग गाडीत बसलेल्या भावाकडे पाहिलं.

"वळत न्हाय व्हय रं तुजी गाडी?"

"न्हाय वळत, अण्णा," अप्पा म्हणाले.

अण्णा हा शब्द वाटणीनंतर मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. दोड्डप्पांनी गाडीचं दार उघडून विचारलं, "पाय टेकतूय का?" अप्पांनी मान हलवली. धक्क्यानं त्यांचं हाड ठणकत होतं, ते उभेही राहू शकत नव्हते. आपलं शेत एका बांधापलीकडे, आणि मधे एवढी उंच ताटं की पानसुद्धा दिसू नये. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला गाडीचा, मिस्त्रींचा आणि स्वतःचा भयंकर राग आला.

दोड्डप्पांनी आपलं मडकं खाली ठेवलं आणि अव्वासमोर हात केला. "तुमचं द्या हिकडं."

आमच्या अंबिलीचं मडकं आणि लिंबाचा डहाळा घेऊन ते बांध चढून धुक्यात नाहीसे झाले. जरा वेळानं आमच्या शेतातून त्यांची आरोळी आली. लांब, जाडीभरडी. अप्पांनी उघड्या दारातून साद दिली. मग आरोळी पुढे सरकली. कधी जवळ, कधी पार ओढ्याकाठून. माणूस दिसत नव्हता, फक्त आवाज शेताच्या कडेनं फिरत होता, आणि त्या त्या दिशेला तोंड करून अप्पा साद देत होते. अव्वा पदर तोंडाला लावून बसली होती.

फेरी पुरी करून दोड्डप्पा आले, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. "जोंधळा बरा हाय तुजा," एवढंच बोलून त्यांनी गाडीतच अप्पांच्या हातात ताट दिलं. अप्पा दोनदा भज्जी मागून जेवले. शेवटी दोड्डप्पांचेच बैल जुंपून गाडीचं तोंड वळवावं लागलं. मिस्त्रींना मी हे कधीच सांगितलं नाही.

सडकेला लागल्यावर धुकं विरलं. अप्पा डोळे मिटून बसले होते. माझ्या मनाला मात्र चुटपुट लागली होती.

"अप्पा, आपलं शेत दिसलंच नाही की तुम्हाला."

"दिसायचं काय त्यात," डोळे न उघडता ते म्हणाले. "अण्णाचा आवाज ऐकला की."

मला रडू फुटलं. स्टीअरिंग जड होतं, एक हात सोडून डोळे पुसता येईनात, म्हणून तशीच चालवत राहिले.