दाजींनी घोटलेली भिंत

महालाच्या तिकीटखिडकीत बसून मला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. जुन्या इमारतीबद्दल ज्याला जितकं कमी ठाऊक, तो तितक्या मोठ्या आवाजात बोलतो. आमचे गाइड रोज लोकांना मोठ्या दालनातल्या उत्तरेच्या भिंतीपाशी नेतात आणि सांगतात, "तीनशे वर्षांचा चुन्याचा गिलावा. तोंड बघून घ्या. असे हात आता राहिले नाहीत." लोक आ वासून बघतात, केस सारखे करतात. ज्या दाराएवढ्या तुकड्यात त्यांना तोंड दिसतं, तो माझ्या दाजींनी बावीस वर्षांपूर्वी केलाय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चुन्याचे गवंडी. "आज कुणाला चुना लावलात?" असं शेजारी विचारायचे, तेव्हा सगळे हसायचे, एकटे दाजी सोडून. त्यांना विनोद कळत नाही असं नाही, पण चुन्यावरचा चालत नाही. घरामागच्या खड्ड्यात त्यांचा चुना वर्षभर पाण्याखाली मुरत पडलेला असतो. ताई तो फडक्यातून गाळते. मग थरावर थर, आणि शेवटचा थर कागदाएवढा पातळ. तो ओला आहे तोवर गुळगुळीत दगडाने घोटत राहायचं. दगड मध्येच थांबला की तिथे डाग बसतो, तो मग कशानेही जात नाही. त्या वेळात ताईने हाक मारलेलीसुद्धा त्यांना खपत नाही.

बावीस वर्षांपूर्वी छत गळून उत्तरेच्या भिंतीचा दाराएवढा गिलावा ढासळला होता. वरून तपासणी यायची होती. तेव्हाच्या साहेबांनी दाजींना मागच्या दाराने बोलावलं, चाळीस दिवस दालन बंद ठेवलं आणि वहीत लिहिलं, "साफसफाई." तपासणीवाल्यांना तो तुकडा नवा आहे हे कळलं नाही. साहेब खूश, दाजी त्याहून खूश. वहीत नाव लिहून घ्या, असं मी तेव्हा म्हणालो होतो. दाजी म्हणाले, "काम ओळखू आलं नाही ना? झालं तर मग." मला तेव्हाच त्यांचा राग आला होता.

आता समोरची, दक्षिणेची भिंत फुगलीय. या वेळी वरून हुकूम आला की काम चुन्यातच करायचं आणि नोंदणी झालेल्या कारागिराकडूनच. हे काम मरण्याआधी मिळावं, एवढी एकच हाव दाजींना होती. आयुष्यभर त्यांनी काहीच मागितलं नव्हतं, त्यामुळे मागायची रीतही त्यांना ठाऊक नव्हती. अर्ज मी भरला. त्यात एक रकाना होता, "पूर्वी केलेल्या जतनकामाचा पुरावा." फोटो नाही, कागद नाही, साहेब केव्हाच वारले. चार महिने आम्ही कचेरीत खेटे घातले. तिथला कारकून दर वेळी शांतपणे विचारायचा, "पुरावा आणलात?" त्याच्या त्या शांतपणानेच माझं डोकं फिरायचं.

शेवटी कारागीर निवडणाऱ्या समितीच्या मॅडम पाहणीला आल्या तेव्हा मी खिडकी बंद करून त्यांना गाठलं. दाजींनी उत्तरेच्या भिंतीवर बोट ठेवलं.

"हे मी केलंय."

मॅडमनी भिंग काढलं, बॅटरी तिरपी धरली, भिंतीला नाक लावून पाव तास बघितलं. बाई कामाच्या होत्या, हे मलाही मान्य करावं लागलं. पण मग म्हणाल्या, "काका, हे मूळचं काम आहे. आमच्या अहवालात या भिंतीवर तीन पानं आहेत."

"मॅडम, माझ्या डोळ्यांदेखत झालंय," मी म्हणालो.

"तुम्ही यांचे कोण?"

"मेहुणा."

त्या फक्त हसल्या.

"जुन्या-नव्याचा सांधा खरवडून दाखवतो," दाजी म्हणाले, तर पहारेकरी पुढे झाला. स्वतःच्याच कामाला हात लावला म्हणून दाजींना बाहेर काढायची वेळ आली होती. काम वाईट केलं असतं तर पुरावा राहिला असता. चांगलं केलं, म्हणून हा माणूस खोटा ठरला. त्या दिवशी मी तिकिटं फाडली ती अक्षरशः फाडली.

मॅडमनी मात्र एक वाट ठेवली. मागच्या कोठीच्या भिंतीवर दाराएवढा नमुना करायचा, आणि तो उत्तरेच्या भिंतीवरच्या त्या तुकड्याशी ताडून बघायचा. म्हणजे दाजींची परीक्षा दाजींशीच. मला हसूच आलं. यात नापास कोण होणार?

चुना तयार होताच. ताईने चार दिवस बसून गाळला. दाजींनी थर चढवले, वाळू दिले, पुन्हा चढवले. शेवटच्या दिवशी मी रजा टाकून कोठीच्या दारात बसलो, कुणी आत येऊ नये म्हणून. सकाळपासून दगड फिरत होता. दुपारी एकदा थांबला. क्षणभरच. मी वळून बघितलं तर दाजी उजवं मनगट डाव्या हाताने दाबत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय बघतोस? बाहेर बघ." मी बाहेर बघितलं.

आठवड्याने मॅडम आल्या. कोठीत बॅटरी तिरपी धरली, मग दालनात गेल्या, मग पुन्हा कोठीत. मी दाजींच्या शेजारी उभा होतो आणि मनातल्या मनात पेढे वाटत होतो.

"काका, काम फार चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "आज असं करणारे दोन-तीनच असतील. पण त्या भिंतीची सर नाही. मला दक्षिणेची भिंत तशीच हवी. माफ करा."

माझा तोल गेला. "अहो, हात तोच आहे. तुम्हाला आणखी कसं सांगायचं? दगडसुद्धा तोच आहे." बराच वेळ मी बोलत होतो. दाजींनी माझ्या दंडाला धरून मला गप्प केलं आणि मॅडमकडे बॅटरी मागितली.

त्यांनी आधी आपला नमुना बघितला, अगदी मॅडमनी बघितला तसा. मग आम्ही सगळे त्यांच्या मागून दालनात गेलो. उत्तरेच्या भिंतीसमोर ते उकिडवे बसले, वरपासून खालपर्यंत उजेड फिरवला. कोठीत परत येऊन म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. हे बघा, इथे दगड थांबलाय. इथे परत. वळणावर मनगट सोडलंय, म्हणून ही लाट. तिथे एकदाही सोडलेलं नाही. तिथे तो खालून वर गेलाय आणि वरूनच वळलाय, श्वास न घेता."

मॅडम बघतच राहिल्या. भिंगातून जे दिसत नाही ते हा माणूस सांगत होता. त्यांनी वही उघडली, पेन काढलं, आणि वेगळ्याच आवाजात विचारलं, "काका, खरं सांगा. ती भिंत तुम्हीच केलीत का?"

चार महिने ज्यासाठी आम्ही उंबरे झिजवले, ते समोर उघड्या पानावर होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही," दाजी म्हणाले. "ती जुनीच आहे."

फाटकाबाहेर येईपर्यंत मी कसाबसा गप्प राहिलो. मग मात्र वयाचा, नात्याचा मान न ठेवता जे तोंडाला येईल ते बोललो. चार महिने माझे गेले, ताईचे गेले, आणि ऐन वेळी यांनी अवसान गाळलं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या बाईंनी माझं नाव लिहिलं असतं," ते म्हणाले, "आणि त्याच नावापुढे हेही लिहिलं असतं, की याला आता जमत नाही."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, ताईला काही सांगू नकोस, ती विचारेल तेव्हा मी बघतो.