उत्तर माहीत असलेले प्रश्न

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, भर कोर्टात एकदाच तोंडघशी पडले. तेव्हा ते नवे वकील होते आणि काळा कोट अंगापेक्षा मोठा होता. खटला सायकलचोरीचा, साक्षीदार एक म्हातारा दुकानदार. भावोजी ऐटीत उठले. "दिवे गेलेले, चोर पाठमोरा. मग तुम्ही त्याला ओळखलंत तरी कसं?"

"माझा जावई आहे, साहेब," म्हातारा म्हणाला.

अशिलाने सासऱ्याची गोष्ट पोटात ठेवली होती. न्यायाधीशांनी हसू लपवायला चष्मा पुसायला घेतला आणि भावोजींनी कानाला खडा लावला. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक नाही, तो प्रश्न विचारायचा नाही.

उलटतपासणीत हा नियम सगळेच वकील पाळतात. पण कोट काढला की ते नियमही खुंटीला टांगतात. आमचे भावोजी हा नियम घेऊनच जेवायला बसायचे. "भाजी काय आहे?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. आधी झाकण उचलून बघायचे, मग म्हणायचे, "आज बटाटा ना?" लग्नाचंही तेच. ताईचा होकार त्यांनी आधी माझ्याकडून काढून घेतला, आइस्क्रीम चारून, आणि मग शांतपणे तिला मागणी घातली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हे तर पाणीही फुंकून प्यायचे.

पुढे बाजारातल्या हातगाडीवाल्यांचा खटला त्यांनी जिंकला. गाडीवाल्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं, ते पाहून एका पक्षाने तिकीट दिलं. पहिल्याच सभेत भावोजी म्हणाले, "या निर्णयाला माझ्या पत्नीचा पूर्ण पाठिंबा आहे." ताईने ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

"बरं झालं छापलं," ती मला म्हणाली. "नाहीतर मला कळलंच नसतं."

आमदार म्हणून त्यांचं नाव झालं ते प्रश्नोत्तराच्या तासामुळे. ते उठले की मंत्री घाम पुसायचे, कारण पुलाचं काम का रखडलं, हे भावोजी स्वतः पुलावर जाऊन, मुकादमाशी गप्पा मारून आलेले असत. मंत्री फाइल चाळेपर्यंत त्यांना दम निघत नसे. एकदा अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी उत्तरही दिलेलं आहे, तेव्हा मंत्रिमहोदय बसले तरी चालेल." पूल मात्र झाला. तेवढं श्रेय मी देते, थट्टा वेगळी.

या सगळ्यात ताईची पुढची खोली गेली. सकाळी उठावं तर सोफ्यावर तीन अनोळखी माणसं बसलेली, चौथा दारात चपला काढतोय. ताई ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. शाळेला निघण्याआधी ती सगळ्यांना चहा द्यायची, अर्ज लिहून द्यायची, आणि कुणाची बदली कुठे अडली हे भावोजींपेक्षा तिलाच जास्त माहीत असायचं. तिने कधी तक्रार केली नाही. राग मलाच यायचा, अजूनही येतो.

दुसरी मुदत संपत आली तेव्हा दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. पक्षाने भावोजींना तिसऱ्यांदा तिकीट देऊ केलं. आणि दूरच्या एका गावात तशाच मुलांची नवी शाळा निघत होती, तिथे मुख्याध्यापिका म्हणून ताईला बोलावणं आलं. ताईने ते जेवताना सांगितलं आणि आमटी वाढायला घेतली.

रविवारी मी गेले, तर भावोजींनी मला जिन्यातच गाठलं. सोमवारी पक्षाला कळवायचं होतं.

"तिच्या मनात काय आहे गं?"

"तिलाच विचारा."

"तुला माहीत असेलच."

माहीत होतंच. "आता मी आइस्क्रीम खात नाही, भावोजी," मी म्हटलं आणि वर गेले.

ताई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी तिच्यासमोर बसले. भावोजी दारात उभे राहिले आणि खांद्यावरचा नसलेला कोट सारखा करू लागले. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"तुला जायचंय?" त्यांनी विचारलं.

ताईचे हात थांबले. "हो," ती म्हणाली. "तुम्ही तिकीट घेतलंत तरी मी जाणार आहे."

उत्तर अंगाशी आलं की वकिलाने गुपचूप खाली बसायचं असतं, हाही एक नियम आहे. भावोजी बसले नाहीत.

"मी आलो तर चालेल?"

आवाज इतका बारीक की मटारच बोलले की काय म्हणून मी आधी तिकडे बघितलं. ताईने मात्र त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ, नव्या पाहुण्याकडे बघावं तसं.

"चालेल," ती म्हणाली. "पण पुढच्या खोलीत माणसं बसवायची नाहीत."

भावोजी मटकन माझ्या शेजारी बसले आणि शेंगा सोलू लागले. दाणे सालांत टाकत होते, सालं दाण्यांत. आम्ही दोघींनी त्यांना टाकू दिलं.