कोऱ्या रकान्यातला शब्द

अकोल्याच्या तहसील कचेरीसमोर माझे टेबल आहे आणि गेली सव्वीस वर्षे मी तेथे लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या मसुद्यात कचेरीने त्रुटी काढल्याचे प्रसंग फार थोडे, हे मी केवळ वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. अलीकडे अर्ज संगणकावर टंकित करतो. तोही मला माझ्या मुलीनेच शिकवला.

मुलगी अमरावतीच्या एका महाविद्यालयात संगणकांची प्रयोगशाळा सांभाळत असे. नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची. मुदत संपत आली की नव्या आदेशाची वाट पाहावी लागे. त्या खेपेस प्रयोगशाळेतले चाळीस संगणक पुसून त्यांवर नवी विंडोज चढवायची होती, आणि सोमवारी सकाळी त्याच संगणकांवर एक ऑनलाइन परीक्षा होती. परीक्षा निर्विघ्न पार पडली तर पुढचा आदेश काढू, असे विभागप्रमुखांनी तिला सांगितले होते.

आदल्या शनिवारी ती घरी आली आणि लॅपटॉप उघडून माझ्या शेजारी बसली.

"बाबा, विंडोज चढवताना लय प्रश्न इचारते. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, डिस्क पुसू का, नाव काय. चाळीस कॉम्प्युटरसमोर चाळीसदा कोण बसन? म्हणून सगळी उत्तरं पयलेच एका फाईलमधी लिहून ठेवली. आन्सर फाईल म्हणतेत तिले."

"अन् हे एवढं मोठं फोल्डर कायचं?"

"ड्रायव्हर. कोणत्या पार्टले कसं वागवाचं ते विंडोजले त्यातून समजते. नेटवर्कचा ड्रायव्हर नसला तं कॉम्प्युटर मुकाच राह्यते."

"म्हणजे फाईल हा अर्ज, अन् ड्रायव्हर हे सहपत्र."

ती हसली. "म्हणूनच तं तुमाले दाखोली. साहेबानं इचाराच्या आंधी उत्तर तयार ठेवाचं, हे तुमच्यापासूनच शिकली मी."

इतके मोठे प्रमाणपत्र मला आजवर कोणी दिले नव्हते.

दुपारी ती आईबरोबर भाजीबाजारात गेली. ती फाईल असलेला पेनड्राइव्ह टेबलावर होता. तिने शुक्रवारी एका संगणकावर फाईल तपासून पाहिली होती आणि ती बिनचूक चालली होती, हे मला ठाऊक होते. तरीही अनुभवी माणसाची नजर एकवार फिरावी, या हेतूने मी ती माझ्या संगणकावर उघडली. बहुतेक मजकूर इंग्रजी, कंसांनी भरलेला. पासवर्ड हा शब्द मात्र मी ओळखला. त्यापुढची जागा कोरी होती.

आमच्या कामात कोरा रकाना सोडत नाहीत. मागाहून कोणीही त्यात काहीही भरू शकतो. सांगण्यासारखे काही नसेल तर तेथे 'निरंक' असे लिहितात, म्हणजे नोंद शून्य आहे, हे कायम होते. मीही तेथे मराठीत निरंक असे लिहिले, फाईल जतन केली आणि पेनड्राइव्ह जागेवर ठेवला. बाजारातून ती आली तेव्हा सांगायचे मनात होते, पण आल्याआल्या मेथी निवडणे सुरू झाले आणि ते राहून गेले. इतक्या किरकोळ दुरुस्तीचा उल्लेख काय करायचा, असेही वाटले.

रविवारी दुपारी अमरावतीला जाऊन तिने चाळीसही संगणक एकदम सुरू करून दिले. कोणी समोर बसण्याची गरज नव्हती, त्यासाठीच तर ती फाईल होती. पाच वाजता चौकीदाराला इमारत बंद करायची होती, म्हणून ती खोलीवर गेली.

सोमवारी सकाळी आठ वाजून गेल्यावर तिचा फोन आला.

"बाबा, तुमी पेनड्राइव्ह उघडला होता का?"

"हो. एक जागा कोरी राहिली होती तुई."

"तिथं निरंक लिहिलं?"

"लिहिलं. काहून?"

फोनवर तिच्या मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाली, "काई नाई. चहा घेतला का तुमी?"

काय घडले ते मला नंतर उमगले. पासवर्ड लागूच नये म्हणून ती जागा तिने मुद्दाम कोरी ठेवली होती. चाळीसही संगणकांनी माझा शब्द पासवर्ड म्हणून नोंदवून घेतला होता. तो टंकित केल्याखेरीज एकही उघडणार नव्हता, आणि त्या पडद्यावर कळफलक फक्त इंग्रजी होता. शब्द माहीत असून माझ्या मुलीला तो लिहिता येत नव्हता. तिने सगळे पुन्हा पुसून चढवले. तोवर सकाळचे सत्र रद्द झाले होते आणि परीक्षेसाठी चांदूर रेल्वे गावाहून आलेल्या मुलीही परत निघाल्या होत्या.

तिला लेखी खुलासा मागण्यात आला. खुलासे लिहिण्यात माझा हात धरणारे कचेरीसमोर फारसे कोणी नाही. मी तीन पानी मसुदा केला. सर्व चूक माझी, मुलगी निर्दोष, असे सविस्तर मांडले आणि खाली सही केली. तिने तो शेवटपर्यंत वाचला.

"बाबा, हे दिलं तं कळन का परीक्षेच्या कॉम्प्युटरची फाईल मी घरी आणली अन् बाहेरच्या माणसाच्या हाती लागू देली. चुकीपेक्षा ते मोठं निघन."

"मी बाहेरचा?"

"त्याईच्यासाठी."

"मंग खरं कोण सांगन?"

"कोणी नाई."

तिने कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. तपासणी करण्यात आपल्याकडून हयगय झाली, एवढेच. हयगय हा शब्द तिने चुकीचा लिहिला होता. मला तो दिसला. मी तो तसाच राहू दिला.

नवा आदेश निघाला नाही.

आता ती बडनेऱ्याला एका दुकानात संगणक दुरुस्तीचे काम करते आणि रविवारी घरी येते. माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते. पाठदुखीचे विचारते, गोळ्या आणते. आईलाही तिने काही कळू दिलेले नाही. परवा ती लॅपटॉपवर काही लिहीत बसली होती. मी विचारले, "काय करून राहिली?"

"दुकानातलंच हाय, बाबा."

माझ्यासाठी तिने खुर्ची सरकवली, आणि त्याच हाताने लॅपटॉप हलकेच मिटला.